रानातील औषधी आणि रुग्णालयातील कसोटी

ठाणे जिल्ह्याच्या भिवंडी तालुक्यात, भिवंडीहून वाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर अंबाडी हे गाव आहे. वज्रेश्वरी व गणेशपुरी येथील गरम पाण्याची कुंडे तेथून जवळच आहेत. भात हे या भागातील मुख्य पीक होय. शेताच्या बांधावर, कुंपणावर आणि लगतच्या जंगलात गुळवेल, कुडा, बिबळा, आघाडा, भुईआवळी अशा कितीतरी औषधी वनस्पती येथे आपोआप वाढतात. वारली व कातकरी समाजातील जाणती माणसे, गावोगावचे भगत आणि घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया यांस त्यांचे गुण परंपरेने ठाऊक आहेत. दुसऱ्या बाजूस आरोग्य उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि भिवंडीचे उपजिल्हा रुग्णालय ही आधुनिक उपचारांची व्यवस्थाही उभी आहे. यांपैकी अनेक केंद्रांत आयुर्वेदाचे पदवीधर डॉक्टर काम करतात. म्हणजे दोन्ही शास्त्रे गावाच्या दारी येऊन पोहोचली आहेत.

तथापि आजारी माणसापुढील प्रश्न सुटलेला नाही. कावीळ झाली तर पाला घ्यावा की रक्त तपासावे? मधुमेह असला तर बिबळ्याचे पाणी प्यावे की गोळी? साप चावला तर प्रथम कोणाकडे धाव घ्यावी? या प्रश्नांचे उत्तर अभिमानाने अथवा उपहासाने मिळत नाही. ते कसोटीनेच मिळते. ही कसोटी कशी असते, तिच्यातून आपल्या परिचयाच्या वनस्पतींविषयी काय निष्पन्न झाले आणि ग्रामकार्यकर्त्याने व शेतकऱ्याने त्यातून काय घ्यावे, याचा विचार या लेखात केला आहे.

कसोटीचे मूळ शेतात

औषधाची चाचणी ही मोठ्या शहरातील गहन विद्या आहे असे पुष्कळांस वाटते. वास्तविक तिचे मूळ शेतातच आहे. इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथील कृषि संशोधन केंद्रात 1919 साली रोनाल्ड फिशर हे संख्याशास्त्रज्ञ रुजू झाले. खताचा खरा गुण ओळखायचा तर एकाच शेताचे लहान लहान वाफे पाडावेत, कोणत्या वाफ्यास खत द्यावयाचे हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे आणि खत न दिलेल्या वाफ्यांशी उत्पन्नाची तुलना करावी, ही पद्धत त्यांनी शास्त्रशुद्ध पायावर उभी केली. हीच पद्धत पुढे वैद्यकाने स्वीकारली. क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसिन या औषधाची अशी चाचणी ब्रिटनमध्ये 1948 साली प्रसिद्ध झाली व तेव्हापासून वैद्यकीय संशोधनात ती प्रमाणभूत मानली जाते.

शेतकऱ्यास हे तत्त्व सहज पटेल. पाऊस चांगला झाला त्या वर्षी नवे बियाणे पेरले आणि पीक भरघोस आले, तर श्रेय बियाण्याचे की पावसाचे? शेजारच्या वाफ्यात जुने बियाणे पेरलेले असल्याखेरीज हे सांगता येणार नाही. आजाराचेही असेच आहे. दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुतेक रुग्णांत काही आठवड्यांनी आपोआप बरी होते. त्या काळात जो कोणी काही देईल त्याच्या औषधास यश येते. यास्तव काही रुग्णांस औषध व तशाच दुसऱ्या रुग्णांस केवळ नेहमीचे उपचार देऊन दोहोंची तुलना करावी लागते. औषध कोणास मिळाले हे रुग्णास व तपासणाऱ्या डॉक्टरासही ठाऊक नसेल, तर मनाचा कल निकालात शिरत नाही आणि चाचणी अधिक विश्वसनीय ठरते.

सर्पगंधेचा बोध

आयुर्वेद आणि आधुनिक वैद्यक यांच्या मेळाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण मुंबईतच घडले. सर्पगंधेचे मूळ सर्पदंशावर, निद्रानाशावर व उन्मादावर वापरण्याची प्रथा भारतात जुनी आहे. 1931 साली गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी बंगालमधून असे नमूद केले की, या मुळाने रक्तदाब उतरतो. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवर त्याचा पद्धतशीर अभ्यास केला व 50 रुग्णांवरील आपले निष्कर्ष 1949 साली ब्रिटनमधील हृदयरोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केले. जगाचे लक्ष वेधले गेले ते या लेखाने. 1952 साली स्वित्झर्लंडमधील शास्त्रज्ञांनी मुळातील प्रभावी द्रव्य वेगळे काढले व त्यास रिसर्पिन हे नाव मिळाले. मज्जातंतूंच्या टोकाशी साठलेली उत्तेजक द्रव्ये ते रिती करते. त्यामुळे रक्तवाहिन्या सैल पडतात व दाब उतरतो. या कार्याबद्दल डॉ. वकील यांस 1957 साली अमेरिकेतील लास्कर पारितोषिकाचा सन्मान लाभला.

या कथेत तीन बोध आहेत. पहिला असा की, परंपरेने दाखविलेली दिशा खरी ठरू शकते. दुसरा असा की, परंपरेतील सर्वच गोष्टी खऱ्या ठरत नाहीत. सर्पगंधा हे नाव असूनही ती सर्पविषावरील उतारा नाही. नाग, मण्यार, घोणस वा फुरसे यांच्या विषावर रुग्णालयात मिळणारी प्रतिविषाची लस हाच उपाय आहे. तिसरा बोध असा की, सिद्ध झालेल्या औषधालाही मर्यादा असतात. रिसर्पिनमुळे काही रुग्णांस तीव्र खिन्नता येते असे आढळले, आणि अधिक सुरक्षित औषधे निघाल्यावर त्याचा वापर पुष्कळ कमी झाला. औषध स्वीकारणे, त्याचे दोष नोंदणे आणि अधिक चांगले मिळताच ते मागे ठेवणे हे शास्त्राचे लक्षणच होय.

गुळवेल : आशा आणि सावधगिरी

अंबाडीच्या परिसरातील कुंपणांवर व झाडांवर चढलेली गुळवेल, म्हणजे आयुर्वेदातील गुडूची किंवा अमृता, हिच्यावर मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात व सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. शरदिनी डहाणूकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी दीर्घकाळ संशोधन केले. पित्तमार्ग कर्करोगाने बंद झाल्यामुळे कावीळ झालेल्या 30 रुग्णांवरील त्यांचा अभ्यास 1993 साली प्रसिद्ध झाला. अशा रुग्णांची जंतूंशी झुंजण्याची शक्ती क्षीण झालेली असते व शस्त्रक्रियेनंतर रक्तात जंतुसंसर्ग पसरून अनेकजण दगावतात. एका गटास नेहमीचे उपचार देण्यात आले व दुसऱ्यास त्याच उपचारांबरोबर गुळवेलीचे औषध दिले गेले. पहिल्या गटातील 50 टक्के रुग्णांत रक्तातील जंतुसंसर्गाची लक्षणे दिसली, दुसऱ्या गटात एकाही रुग्णात नाही. शस्त्रक्रियेनंतर वाचलेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात 40 टक्के, तर दुसऱ्यात 92.4 टक्के होते.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. या रुग्णांचे पित्त वाहून जाण्यासाठी नळी बसविली होती, जंतुनाशके दिली होती, शल्यचिकित्सक उपलब्ध होता. गुळवेल या साऱ्यांच्या जोडीला होती. त्यांच्या जागी नव्हती. शिवाय 30 ही संख्या लहान आहे. अशा अभ्यासाने दार उघडते. अंतिम निर्णय होत नाही.

गुळवेलीची दुसरी बाजूही मुंबईतूनच पुढे आली. कोविडच्या साथीत प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून घरोघरी गुळवेलीचा काढा घेतला जाऊ लागला. सप्टेंबर ते डिसेंबर 2020 या चार महिन्यांत मुंबईतील यकृतविकारतज्ज्ञांना असा काढा घेतलेले व यकृतास इजा झालेले 6 रुग्ण आढळले. 2022 साली देशातील अनेक रुग्णालयांतून अशा 43 रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. आयुष मंत्रालयाने यावर आक्षेप घेतला. रुग्णांनी घेतलेली वनस्पती नीट ओळखली गेली होती काय, असा प्रश्न विचारून मंत्रालयाने गुडूची सुरक्षित असल्याचे म्हटले व तिच्याशी साम्य असलेल्या दुसऱ्या एका जातीपासून सावध राहण्यास सांगितले.

या वादातून गावकऱ्याने घ्यावयाचा अर्थ स्पष्ट आहे. प्रथम, वेल ओळखून घ्यावी. खऱ्या गुळवेलीचे पान हृदयाच्या आकाराचे व गुळगुळीत असते. जिच्या खोडावर ठसठशीत गाठींसारखे पुष्कळ उंचवटे आहेत किंवा जिच्या पानाच्या खालच्या बाजूस दाट लव आहे, ती वेल निराळी समजावी. दुसरे, यकृताचा विकार किंवा शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटण्याचा आजार असलेल्याने गुळवेल स्वतःच्या मनाने घेऊ नये. तिसरे, काढा घेत असता डोळे पिवळे दिसू लागले, लघवी गडद झाली किंवा अन्नावरची वासना उडाली, तर काढा तत्काळ बंद करून रक्ततपासणी करावी.

आघाडा, बिबळा आणि भुईआवळी

शेतात तण म्हणून उपटला जाणारा आघाडा एका मान्यता पावलेल्या उपचाराचा घटक आहे. भगंदर या गुदमार्गाच्या विकारावर आयुर्वेदात क्षारसूत्राचा उपचार सांगितला आहे. निवडुंगाच्या वर्गातील स्नुहीचा चीक, आघाड्याच्या राखेपासून काढलेला क्षार व हळद यांचे लेप दोऱ्यावर चढवून हा दोरा व्रणमार्गात बांधतात. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने देशातील चार केंद्रांत 502 रुग्णांवर चिठ्ठी पद्धतीने याची चाचणी घेतली व तिचा निकाल 1991 साली प्रसिद्ध केला. जखम भरण्यास शस्त्रक्रियेने सुमारे 4 आठवडे, तर क्षारसूत्राने 8 आठवडे लागले. परंतु भगंदर पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण शस्त्रक्रियेनंतर 11 टक्के, तर क्षारसूत्रानंतर 4 टक्के होते. उपचाराचा गुण आणि त्याची उणीव दोन्ही आकड्यांत मांडल्यामुळे रुग्णास विचारपूर्वक निवड करता येते. अर्थात हे काम प्रशिक्षित वैद्याचेच आहे. गावात कोणी घरगुती क्षार लावू लागल्यास त्यास परावृत्त करावे.

बिबळा, ज्यास संस्कृतात बीजक किंवा विजयसार म्हणतात, त्याच्या लाकडाचे पाणी मधुमेहावर देण्याची प्रथा आहे. वैद्यक संशोधन परिषदेने नव्याने मधुमेह आढळलेल्या 97 रुग्णांना विजयसाराचा अर्क दिला. 1998 साली प्रसिद्ध झालेल्या निकालानुसार 12 आठवड्यांत 67 रुग्णांची, म्हणजे 69 टक्क्यांची, रक्तशर्करा आटोक्यात आली. तथापि या चाचणीत औषध न घेणारा तुलनेचा गट नव्हता. म्हणजे शेजारचा वाफा पेरलेलाच नव्हता. शिवाय हे रुग्ण आजाराच्या आरंभीच्या अवस्थेतील होते. जो मधुमेही इन्सुलिनवर आहे त्याने ते बंद करून बिबळ्याच्या पेल्यातील पाण्यावर विसंबणे म्हणजे प्राण धोक्यात घालणे होय.

भातशेतीत पावसाळ्यात उगवणाऱ्या भुईआवळीची कथा अधिकच उद्बोधक आहे. मद्रास येथील संशोधकांनी 1988 साली प्रसिद्ध केले की, रक्तात ब प्रकारच्या काविळीचे विषाणू बाळगणाऱ्या 37 जणांस ही वनस्पती 30 दिवस दिली असता 22 जणांच्या रक्तातील विषाणूची खूण नाहीशी झाली. दिखाऊ औषध घेतलेल्या 23 जणांपैकी केवळ एकाच्या रक्तातील ती गेली. जगभर आशा निर्माण झाली. परंतु इतर ठिकाणी याच धर्तीवर चाचण्या घेतल्या असता तसा गुण आढळला नाही. एका वाफ्यातील पीक पाहून सर्व गावाचे बियाणे बदलू नये, हाच येथील धडा होय. कावीळ झालेल्या गर्भवती स्त्रीच्या बाबतीत तर विलंब अत्यंत घातक ठरतो. दूषित पाण्यातून येणारी एक प्रकारची कावीळ गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यांत जीवघेणी होते. अशा स्त्रीस पाल्यासाठी न थांबता रुग्णालयात न्यावे.

गुडघेदुखीचा अभ्यास

शेतकऱ्याचा नित्याचा शत्रू म्हणजे सांध्यांची दुखणी. पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोपडा यांनी 1996 पासून पुणे जिल्ह्यातील भिगवण गावी घरोघर पाहणी केली, तेव्हा सांधे व स्नायू यांचे दुखणे हा गावातील फार मोठा आजार आहे असे दिसून आले. पुढे त्यांनी व पुण्यातील सहकाऱ्यांनी सुंठ व गुळवेल हे मुख्य घटक असलेल्या आयुर्वेदिक औषधांची तुलना ग्लुकोसामिन व सेलेकॉक्सिब या आधुनिक औषधांशी केली. 440 रुग्णांवर 24 आठवडे चाललेल्या या चाचणीत कोणास काय दिले हे रुग्ण व डॉक्टर दोघांसही ठाऊक नव्हते. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या निकालानुसार वेदना कमी करण्यात आयुर्वेदिक औषधे आधुनिक औषधांच्या बरोबरीने उतरली. त्याच वेळी आयुर्वेदिक औषध घेणाऱ्या काही रुग्णांत यकृतावरील ताण दर्शविणारा रक्तातील घटक वाढलेला आढळला. औषध थांबविल्यावर तो पूर्ववत झाला. जे औषध गुण देते त्याचा दुष्परिणामही असू शकतो. ते झाडपाल्याचे आहे एवढ्याने निरुपद्रवी ठरत नाही.

याच कारणास्तव आणखी दोन धोके सांगणे अवश्य आहे. ईश्वरी किंवा सापसण या नावाची वेल काही ठिकाणी सर्पदंशावर व पोटदुखीवर देतात. तिच्यातील एक आम्ल मूत्रपिंड निकामी करते व कर्करोगास कारणीभूत होते असे सिद्ध झाले आहे; ती पोटात घेऊ नये. तसेच 2008 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत विक्रीस असलेल्या 193 आयुर्वेदिक औषधांपैकी सुमारे एक पंचमांश औषधांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले. म्हणून पुडीतील निनावी भस्म कधीही घेऊ नये. बिल्ल्यावर घटकद्रव्ये, परवाना क्रमांक व निर्मितीची तारीख छापलेले औषधच वैद्याच्या सल्ल्याने घ्यावे.

शेतकऱ्याचा वाटा

औषधाची चाचणी कितीही काटेकोर असली, तरी वैद्याच्या हाती येणारे मूळ किंवा साल चुकीची असेल तर सर्व व्यर्थ होय. औषधी वनस्पतींचा मोठा हिस्सा आजही रानातून गोळा केला जातो. ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात कातकरी तरुणांनी वनधन योजनेखाली गुळवेल गोळा करून औषध कंपन्यांस पुरविण्याचा उद्योग उभारला आहे. अशा उद्योगाची पत मालाच्या शुद्धतेवर अवलंबून असते.

गुळवेलीची लागवड सोपी आहे. पावसाच्या आरंभी बोटाएवढ्या जाडीचे, दोन-तीन डोळ्यांचे कांडे निंब, आंबा किंवा कुंपण यांच्या आधाराशी लावावे. तोडणी करताना वेल मुळासकट उपटू नये. खालचा भाग राखून वरचे पक्व खोड कापावे, म्हणजे ती पुन्हा फुटते. खोडाचे लहान तुकडे करून स्वच्छ जागी सावलीत वाळवावेत. बुरशी आलेला माल बाजूस काढावा. ज्या शेतात नुकतीच कीटकनाशके फवारली आहेत तेथील, तसेच सांडपाण्याकाठची किंवा वर्दळीच्या रस्त्याकडेची वनस्पती औषधासाठी घेऊ नये. प्रत्येक पोत्यावर वनस्पतीचे नाव, ठिकाण व तोडणीची तारीख लिहावी. बिबळ्याची किंवा कुड्याची साल खोडाभोवती संपूर्ण वळसा घेऊन काढल्यास झाड मरते. तसे करू नये. सर्पगंधेचे मूळ काढताना तर रोपच नष्ट होते. त्यामुळे रानातील सर्पगंधा दुर्मिळ झाली असून तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत. तिची मागणी लागवडीतूनच भागविली पाहिजे.

जाणत्या भगतांचे व वृद्ध स्त्रियांचे ज्ञान लिहून ठेवणे हेही तितकेच महत्त्वाचे आहे. 2002 च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे ग्रामपंचायतीच्या पातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समिती व लोक जैवविविधता नोंदवही यांची तरतूद आहे. ज्यांचे ज्ञान आहे त्यांस विश्वासात घेऊन, त्यांच्या संमतीनेच ही नोंद करावी.

ग्रामकार्यकर्त्यांसाठी सूचना

1. सर्पदंश झाल्यास रुग्णास धीर द्यावा, चावलेला अवयव काठी बांधून स्थिर ठेवावा व विनाविलंब रुग्णालयात न्यावे. 108 या क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. जखम कापणे, चोखणे, दोरीने करकचून आवळणे किंवा मुळी देत बसणे टाळावे. भगतास विरोधी न मानता, रुग्णास तातडीने रुग्णालयात पाठविणारा सहकारी करून घ्यावे.

2. जुलाबावर कुड्याच्या सालीचा उपयोग परंपरेत आहे. परंतु जुलाबात मृत्यू येतो तो शरीरातील पाणी व क्षार निघून गेल्याने. लहान मुलास प्रथम जलसंजीवनी द्यावी. मूल मलूल झाल्यास किंवा शौचात रक्त दिसल्यास आरोग्य केंद्र गाठावे.

3. डॉक्टराकडे जाताना आपण घेत असलेला काढा, चूर्ण किंवा पाला यांची माहिती न लाजता सांगावी, व शक्य तर नमुना सोबत न्यावा. डॉक्टराने रागावू नये व रुग्णाने लपवू नये. मेळाची पहिली पायरी तीच होय.

4. क्षयरोग, मधुमेह, रक्तदाब व अपस्मार यांवरील चालू औषध कोणाच्याही सांगण्यावरून एकाएकी बंद करू नये.

5. आयुर्वेदिक औषधाने त्रास झाल्यास आरोग्य केंद्रातील डॉक्टरास कळवावे. अशा दुष्परिणामांची नोंद करण्याची व्यवस्था आयुष मंत्रालयाने 2018 पासून सुरू केली आहे.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, 1946 साली, कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने देशी व पाश्चात्त्य वैद्यकाचा समन्वय साधावा अशी शिफारस केली होती. तो समन्वय केवळ समित्यांच्या अहवालातून होणार नाही. रानात वेल नीट ओळखणारा, ती स्वच्छ वाळविणारा, रुग्णास वेळेवर रुग्णालयात पोहोचविणारा आणि कोणत्याही औषधाविषयी "हे कशावरून?" असे विचारणारा माणूस जेथे असेल तेथे तो घडेल. बियाणे घेताना आपण जी पारख करतो, तीच औषध घेताना करावी. मग ते औषध रानातले असो वा कारखान्यातले.